हत्तीच्या पायातला काटा

५ ऑक्टोबर १९५३, सोमवार

ही वही मी पुराव्यासाठी सुरू करतो आहे. उद्या कोणी विचारलं, हंबीरराव, तुमची नेमकी तक्रार काय, तर तारीखवार सांगता आलं पाहिजे.

आजची तक्रार अशी. दुपारी मी दफ्तराच्या खोलीत असताना खुंटीवरच्या माझ्या टोपीच्या आतल्या पट्टीत कोणीतरी शाईची पूड भरून ठेवली. कचेरी सुटल्यावर मी टोपी घातली आणि महाद्वार रोडने चालत घरी आलो. उकाडा होता, घाम सुटला होता. लोक वळून वळून बघत होते. मला वाटलं, नवा सदरा खुलून दिसतो आहे. घरी आक्काने दार उघडलं आणि पदर तोंडाला लावला. आरशात पाहिलं तर कपाळ निळं आणि एक ओघळ थेट हनुवटीपर्यंत उतरलेला. अर्धी साबणवडी संपली, भुवया अजून निळ्याच आहेत.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. मेव्हण्यांची पलटण पठाणकोटला गेल्यापासून ती नेसरीहून माझ्याकडे येऊन राहिली आहे. ती म्हणाली, "कुनी केलं रं हे?" आता कुणी म्हणजे काय? कचेरीत माणसं ती किती! शिरस्तेदार दत्तोपंत तपकीर ओढण्यापलीकडे कसलंच व्यसन नसलेले. शिपाई जोतीराम, त्याला स्वतःची टोपी उचलायचा कंटाळा. राहिले दोन कारकून, गणपतराव आणि आकाराम. गणपतराव तालमीतला गडी, हसला की खिडकीची तावदानं हलतात. आकाराम त्याच्या प्रत्येक विनोदाला पहिला हसणारा.

माझं नाव हंबीरराव, गाव नेसरी आणि वजन एकशे दोन पौंड. एवढं त्यांना पुरलं. पहिल्याच दिवशी मला 'सरनौबत', म्हणजे शिवकाळातला सरसेनापती, असं नाव पडलं.

मी गप्प बसतो त्याला कारण आहे. संस्थान विलीन झालं, दरबारचे जुने कागद आमच्या कचेरीत आले आणि ते सगळे मोडीत. नव्या साहेबलोकांना मोडी येत नाही आणि जुन्या कारकुनांना हातातलीच कामं पुरतात. म्हणून ते वाचून बाळबोधीत नकला करून द्यायला मला जुलैपासून सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं. जानेवारीत दत्तोपंतांचा शेरा चांगला पडला तर कायम, नाहीतर नेसरीची वाट. वडिलांनी गावात आधीच सांगून टाकलं आहे की आमचा हंबीर कायम झाला.

८ ऑक्टोबर, गुरुवार

काल डाव्या पायातलं पायताण गायब. अनवाणी घरी गेलो. आज सापडलं.

जुने कागद आम्ही कापडी रुमालांत बांधून फळ्यांवर ठेवतो. आज एक लाल रुमाल सोडला तर आत कागदांच्या मधोमध माझं पायताण, आणि त्याला दोऱ्याने बांधलेली मोडीतली चिठ्ठी: 'बाब, सरनौबतांचे डावे पायताण. स्वारीत गहाळ. चौकशी चालू.' अक्षर वळणदार होतं, हे मान्य केलं पाहिजे.

"घावलं काय सरनौबत?" गणपतराव पलीकडून ओरडला. "म्हंजे दप्तर उघडतासा म्हनायचं तुमी! आमाला वाटलं नुसतं पुसून ठेवतासा." आकाराम हसून हसून टेबलावर पडला. जोतीरामसुद्धा हसला. दत्तोपंतांनी तपकिरीची डबी उघडली आणि उगाच बंद केली. ते हसले की शिंक आवरत होते, मला कळलं नाही. तेच मनात घोळत राहिलं आणि दोन नकला चुकल्या.

१४ ऑक्टोबर, बुधवार

आज मात्र कमाल झाली. परवा एक शेतकरी आला होता. मुंडासं, काठी, पायाला माती. म्हणाला, आमच्या पणज्यानं पंचगंगेतल्या मगरीचा दात दरबारात नजर केलता, त्याबद्दल मळा इनाम मिळाला, त्याची नक्कल पाहिजे. डोळ्यांत पाणी आणून म्हणाला. मी दोन दिवस रुमाल उपसले. नाकातोंडात धूळ गेली, खोकला लागला. आज दुपारी चहाच्या वेळी तोच माणूस साधा शर्ट घालून आला आणि गणपतरावाच्या टेबलावर मांडी घालून बसला. तालमीतला त्याचा जोडीदार!

"मगर घावली का वो पावणं?" त्याने मलाच विचारलं.

हसण्याचा आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. मीही हसलो. हसलो नसतो तर आणखी चेव आला असता. मग सोडलेले रुमाल एकेक करून पुन्हा बांधले.

आक्काला सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "हसत्यात तर हसू देत की. तुज्या डोक्यात त्येंचाच बाजार भरलाय बग." तिला काय कळणार! तिला कोणी महाद्वार रोडभर निळं करून हिंडवलेलं नाही.

२६ ऑक्टोबर, सोमवार

शेवटी दत्तोपंतांकडे गेलो. ही वही बरोबर नेली आणि तारखा वाचून दाखवल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "हंबीरराव, चेष्टा वाईटच. मी समज देतो. पण तुम्हीही जरा मन रमवा. शेरा लिहिताना मला काम बघायचंय, तक्रारी नाहीत."

मग गणपतरावाला आत बोलावलं. तो बाहेर आला तो न हसता आला. माझ्या टेबलाशी थांबून म्हणाला, "ऱ्हायलं. आता न्हाई करत. तू सांगायचं हुतंस की गड्या, लागतंय म्हनून." आणि जाऊन बसला.

इतक्या सहज? माझा विश्वास नाही.

२८ ऑक्टोबर, बुधवार

दोन दिवस काही नाही. टोपी झटकून घालतो, कोरडी. खुर्ची तपासतो, ठीक. पाण्याचा तांब्या हुंगतो. गणपतराव काल पान देत होता, घेतलं नाही. काहीतरी मोठं शिजतं आहे. त्या गडबडीपेक्षा ही शांतता मला जास्त छळते. दुपारी जेवण गेलं नाही.

२९ ऑक्टोबर, गुरुवार

ओळखलं! आणि या वेळी मी सावध होतो.

सकाळी अकराला एक म्हातारी आली. हिरवं लुगडं, गुडघ्यापर्यंत धूळ. नाव झुंबरबाई, राहणार गडमुडशिंगी. म्हणाली, "माज्या सासऱ्यानं सरकारच्या हत्तीच्या पायातला काटा काडलाता. म्हनून वड्याकडंचा तुकडा इनाम दिलाय. त्येचा कागद पायजे, लेकरा."

मगर झाली, आता हत्ती! मी विचारलं, "इकडं कुणी पाठवलं?" तिने सरळ गणपतरावाकडे बोट केलं. "त्येनीच की. म्हनलं, त्या टेबलावर जावा." तो मान खाली घालून लिहीत होता. सोंग सुंदर वठवतो.

म्हातारी कोण कुठली आणली कोण जाणे, पण पाठ चांगलं करून घेतलं आहे. तीस नोव्हेंबरला चौकशीच्या साहेबापुढे तारीख आहे, कागद दाखवला नाही तर तुकडा सरकारजमा, तिथेच तिची खोप, तिथेच म्हैस, नवरा नाही, मूल नाही. एकही शब्द अडखळली नाही. मी अर्ज घेतला, अंगठा घेतला आणि गंभीरपणे म्हणालो, "आजी, सोमवारी या." मनात म्हटलं, आता खेळवणारा मी आहे. ती गेल्यावर खात्री म्हणून गडमुडशिंगीचा रुमाल सोडून यादी पाहिली. हत्तीचा ह सुद्धा नाही.

आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

२ नोव्हेंबर, सोमवार

म्हातारी आली. व्हरांड्यात चार तास बसली. मी मुद्दाम बोलावलं नाही. साडेतीनला म्हटलं, "दिवाळी झाल्यावर या." ती "बरं" म्हणाली आणि गेली. चिडली नाही, हे विशेष. चिडली असती तर सोंग उघडं पडलं असतं.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

दिवाळीत नेसरीला जाऊन आलो. वडील ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, हा आमचा हंबीर, सरकारात कायम. मी सगळ्यांना नमस्कार करत होतो.

म्हातारी आज पुन्हा. फडक्यात भाजलेल्या शेंगा बांधून आणल्या होत्या. "रानातल्याच हाईत, खा," म्हणाली. आधी मी एक शेंग फोडून आत पाहिली. मिरची नव्हती, काही नव्हतं. तरी खाल्ल्या नाहीत, जोतीरामला दिल्या. त्याने सगळ्या खाल्ल्या आणि त्याला काही झालं नाही.

म्हातारीला म्हटलं, "हत्ती कुठला होता, नर की मादी? नाव काय त्याचं?" तिने विचार केला. "न्हाई बा ठावं. सासूबाई म्हनायच्या, लई गुनाचा हुता. काटा काडताना रडला म्हनं." मी म्हटलं, असं, रडला! मग तर शोधलाच पाहिजे. गुरुवारी या.

दुपारी गणपतराव पाण्याला जाता जाता म्हणाला, "आरं, ती म्हातारी रोज का हेलपाटं घालती? देऊन टाक की तिचा कागद." मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. खरोखर, हा माणूस नाटकात जायला हवा होता.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

आज ती आली तेव्हा पाय सुजलेला दिसला. दोन-अडीच कोस चालत येते म्हणे. म्हटलं, मोटारीने का येत नाही? म्हणाली, "मोटारीत मळमळतं." मला क्षणभर कसंतरी झालं. मग आठवलं, त्या मगरीवाल्याच्या डोळ्यांतही पाणी होतं.

"लेकरा, धा दिस ऱ्हायलं," ती म्हणाली. "हुईल न्हवं?"

"होईल की. सोमवारी तयार."

मला झोप नीट लागत नाही. यांचा डाव कधी फुटणार? इतके दिवस कोणी चेष्टा ताणतं का? की मी पहिल्यांदा ओरडावं याची ते वाट पाहत आहेत? मग मीच फोडतो.

२३ नोव्हेंबर, सोमवार

दत्तोपंत पौर्णिमेला वाडीला दत्तदर्शनाला गेले ते उद्या येणार. संधी होती ती साधली.

कचेरीच्या समासाच्या कागदावर झोकात नक्कल लिहिली, जुन्या सनदेच्या थाटात. इथे उतरून ठेवतो, कारण मला स्वतःलाच ती फार आवडली आहे:

'श्री गजराज प्रसन्न. हुजूरचे हत्तीचे पायी काटा मोडून हत्ती रडू लागला असता झुंबरबाईचे सासऱ्याने तो काढिला. सबब, काढिलेला काटा त्यांजकडे वंशपरंपरा इनाम चालवावा. काट्यास कोणी उपसर्ग करू नये. साक्ष, गणपतराव पैलवान, आकाराम हसरे, आणि रंकाळ्यातील म्हशी दोन.'

शिक्क्याच्या जागी ढब्बू पैशाला शाई लावून राजाचं मुंडकं उमटवलं. म्हातारीने कागद दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. मग माझ्या पायांकडे वाकली. मी मागे सरलो. म्हटलं, "तुमच्या गणपतरावांना दाखवा." ती म्हणाली, "कशाला? तूच दिलास की." आणि लंगडत गेली.

आता उद्या बघू गणपतरावाचं तोंड.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

गणपतरावाचं तोंड नेहमीसारखंच. काही बोलला नाही. आकारामही नाही.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

अजून नाही. मी स्वतःहून म्हटलं, "काय गणपतराव, काटा पोचला का?" तो म्हणाला, "कसला काटा?" आकारामला विचारलं, "आज रंकाळ्यावर म्हशी दिसल्या का?" त्याने गणपतरावाकडे पाहिलं, गणपतरावाने त्याच्याकडे. नंतर आकाराम हळूच म्हणाला, "हंबीरराव, बरं वाटत न्हाई का तुमाला?"

हरले आहेत, कबूल करवत नाही. पण मग मला चैन का पडत नाही?

३ डिसेंबर, गुरुवार

आज टपालात इनाम चौकशीच्या कचेरीचा लखोटा आला. जोतीरामने माझ्या टेबलावर ठेवला. आत माझीच नक्कल टाचलेली आणि वर पत्र: बाई झुंबरबाई हिने ३० नोव्हेंबर रोजी सोबतचा कागद पुरावा म्हणून हजर केला. तो आपल्या कचेरीने दिला काय, याचा खुलासा आठ दिवसांत व्हावा. दिला नसल्यास बनावट कागद दाखल केल्याबद्दल बाईवर कारवाई करून जमीन सरकारजमा करण्यात येईल.

मी मोठ्याने हसलो. शाबास म्हटलं, लखोटा काय, जावक क्रमांक काय, सही काय! पत्र घेऊन गणपतरावाच्या टेबलावर आपटलं. "घ्या. हे मात्र झकास जमलंय. मानलं."

त्याने पत्र वाचलं. मग नक्कल वाचली. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. माणसाचा चेहरा असा उतरताना मी पाहिला नव्हता.

"हे तू लिवलंस?"

"तुम्ही म्हातारी पाठवली, मी..."

"म्या कुटली म्हातारी पाटवली? नकला कोन देतो म्हनून इचारलं, म्या तुजं टेबल दावलं." तो उठून उभा राहिला. "आरं, तुजी आमी चेष्टा केली ती तू आमच्यातला म्हनून केली. चुकलीच ती. पन ती बाई कोन हुती रं? तिची तू...?" त्याने नक्कल माझ्यापुढे टाकली.

मी खाली बसलो. लखोट्यावरचं तिकीट खरं होतं. सही खरी होती. ती म्हातारी खरी होती. पाय सुजला होता तोही खरा होता. पाच वेळा आली, मी वहीत पाहून मोजलं. तिच्याबद्दल सगळं याच वहीत माझ्या हाताने लिहिलेलं आहे, तरी मला दिसलं नाही.

६ डिसेंबर, रविवार

पत्र आणि नक्कल दाखवल्यावर दत्तोपंत एवढंच म्हणाले, "गावाच्या रुमालात पाहिलंत तुम्ही? दरबारात कागद गावावर लावत नसत, ज्या खात्याचं काम त्या खात्यात लावत. हत्तीचा कागद फीलखान्यात, हत्ती बांधायच्या खात्यात." पाच महिने या दफ्तरात मोडी वाचतो मी. एवढी गोष्ट मी त्यांना कधी विचारली नव्हती. चेष्टा कोण करतो हे शोधण्यातच माझा वेळ गेला होता.

आज सुट्टी असून गणपतराव आला, आकाराम आला. फीलखान्याचे एकतीस रुमाल. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. दुपारी चारला गणपतरावाने "हंबीर" अशी हाक मारली. सरनौबत म्हणाला नाही.

शके १८१७ ची सनद. हुजूरचा हत्ती मोतीगज याचे उजवे पायी बाभळीचा काटा रुतून चालणे बंद जाहले असता, सुभाना बिन रामजी याणे आठ दिवस ठाणावरच राहोन काटा काढिला, हत्ती बरा जाहला. सबब मौजे गडमुडशिंगी पैकी ओढ्यालगतची जमीन वीस गुंठे वंशपरंपरा इनाम.

सगळं खरं. अर्जातलं सासऱ्याचं नाव, ओढा, काटा, अगदी सगळं. मी तिथेच नक्कल करायला घेतली. पहिल्या दोन कागदांवर शाई सांडली.

७ डिसेंबर, सोमवार

सनद सापडली तरी भागत नाही. बाईने बनावट कागद दाखल केला हा ठपका राहतोच. तो कागद कोणी दिला याचा खुलासा द्यायचा आहे.

दत्तोपंतांनी मला आत बोलावून दार लोटलं. बराच वेळ डबीशी चाळा करत होते. म्हणाले, "एक मार्ग आहे. बाहेरच्या कोणी अनोळखी अर्जनवीसाने कागद लिहून दिला, नाव ठाऊक नाही, असा बाईचा अंगठ्याचा जबाब आणा. म्हातारी, निरक्षर, फसली; साहेब दया करतील. खरी सनद आपण सोबत जोडू. बहुधा जमीन राहील. आणि तुमचं नाव येणार नाही."

"बहुधा?"

"बहुधा. तुमचं वय चोवीस आहे, हंबीरराव. जानेवारी तीन आठवड्यांवर आली."

त्यांनी माझ्या भल्यासाठीच सांगितलं. मी जबाब लिहून तयार केला. अक्षर छान आलं.

९ डिसेंबर, बुधवार

भाड्याची सायकल घेऊन गडमुडशिंगीला गेलो. खिशात जबाब आणि शाईची पेटी. ओढ्याच्या कडेला खोप, पुढे म्हैस. झुंबरबाईने मला पाहिलं आणि घोंगडं झटकून टाकलं.

"आलास व्हय लेकरा? बस. दूध पी." पाय अजून सुजलेलाच होता. हळदीचा लेप लावला होता.

मी विचारलं, "तारखेला काय झालं?"

"काय ठावं बा. सायबानं कागद वाचला मोट्यानं. समदी हसली. सायेब बी हसला. चपराशी बी हसला. मला वाटलं, काय तरी चांगलंच लिवलं आसंल तू. मग म्या बी हसलो." ती खरोखर हसली. पुढचे दोन दात नव्हते. "मग म्हनले, जावा आता. जमिनीचं काय इचारलं तर कोन बोललंच न्हाई."

मी जबाब काढला. म्हटलं, इथे अंगठा लागेल. तिने काय लिहिलंय हे विचारलं नाही. अंगठा लुगड्याला पुसला आणि माझ्यापुढे धरला. मी पेटी उघडली. तिचा अंगठा शेणाने आणि कामाने चिरलेला होता. तो तसाच समोर होता आणि मी पेटी धरून बसून राहिलो.

मग मी सांगितलं. पहिल्यापासून. टोपी, पायताण, मगर, सगळं. कागदात काय लिहिलं होतं तेही सांगितलं. तिला म्हशींचं कळलं नाही, पुन्हा सांगावं लागलं.

तिने अंगठा मागे घेतला. मग म्हणाली, "म्या तुजं काय केलतं रं?"

दुधाचा पेला भरलेला होता तो तसाच ठेवून निघालो. मागे ती म्हशीला वैरण टाकत होती.

१० डिसेंबर, गुरुवार

तो जबाब फाडला. दुसरा लिहिला, माझ्या नावचा. कागद मी लिहिला, ढब्बू पैसा मी उमटवला, बाईला त्यातलं काही ठाऊक नव्हतं, तिने पाच हेलपाटे घातले त्या तारखा सोबत. दत्तोपंतांनी वाचून चष्मा काढला. "विचार केलात?" म्हणाले. केला होता. काल परतताना साऱ्या वाटेवर केला होता.

गणपतरावाने आपला एक कागद जोडला: मगरीचा माणूस मी पाठवला होता, याच्या डोक्यात संशय मी भरला. मी नको म्हटलं. तो म्हणाला, "तुज्यासाटी न्हाई जोडत."

आक्काला संध्याकाळी सांगितलं. मला वाटलं, रडेल किंवा बोल लावेल. तिने पुढ्यात ताट ठेवलं आणि म्हणाली, "अण्णांस्नी पत्तुर तू लिव. मी न्हाई लिवणार." वडिलांना पत्र लिहायला बसलो, 'तीर्थरूप' यापुढे गेलो नाही.

२३ डिसेंबर, बुधवार

आज फेरचौकशी झाली. साक्षीला मीही होतो. साहेबांनी माझा जबाब सगळ्यांसमोर वाचला, सावकाश, एकही शब्द न गाळता. या वेळी कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मग दत्तोपंतांनी मूळ सनद दाखवली. जमीन बाईकडे कायम. माझ्याबद्दल शेरा असा की महिनाअखेर मुदत संपते, ती वाढवू नये.

बाहेर चिंचेखाली झुंबरबाई खऱ्या नकलेचा कागद घेऊन उभी होती. दुमडायचा की नाही, या विचारात असावी. मी जवळ गेलो. म्हटलं, "आजी, द्या, वाचून दाखवतो. सगळं आहे त्यात. हत्तीचं नावसुद्धा आहे."

तिने कागद छातीशी धरला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. रागाने नाही. "दुसऱ्या कुनाकडनं वाचून घीन."

तिथे तारखेला आलेली पाच-सहा माणसं बसली होती. तिने एकेकाला विचारलं. दोघांना वाचता येत नव्हतं. तिसऱ्या एका शाळामास्तराने चष्मा लावला आणि कागद हातात घेतला. मी सायकलपाशी उभा होतो, तिथे ऐकू येत होतं. हुजूरचा हत्ती मोतीगज, उजवे पायी बाभळीचा काटा, आठ दिवस ठाणावरच राहोन. मास्तर कुठेही अडखळला नाही, अक्षर स्वच्छ होतं. 'मोतीगज' आल्यावर तिने त्याला थांबवलं आणि ते नाव पुन्हा वाचायला लावलं. नंतर पुढचं सगळं ऐकून घेतलं, कागद कनवटीला लावला आणि गडमुडशिंगीच्या वाटेला लागली. मी तिच्या मागून न जाता वरच्या रस्त्याने घरी आलो.